लिव्हर छोटं निघालं यात तिचा काय दोष?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात एका मुलानं वडिलांना लिव्हर दिल्याची बातमी आली होती. 'काळजाचा तुकडा दिला' असं हेडिंग, सोबत दारात औक्षण करतानाचा फोटो. वाचून खूप बरं वाटलं, अशा बातम्या यायलाच हव्यात. पण त्यात लिहिलं होतं की रक्तगट जुळला आणि लगेच ऑपरेशन ठरलं, आणि खाली शेवटी असंही होतं की आधी घरातले दोघं जण पुढे आले होते पण त्यांनी ऐनवेळी माघार घेतली. हे 'माघार घेतली' वाचलं आणि मला राहवेना, म्हणून दोन दिवस ड्युटी करून आल्यावर रात्री बसून हे पत्र टाइप करतेय. लांबलंय, जमेल तेवढं छापा.

मी पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये सीटी टेक्निशियन आहे, तेरा वर्षं झाली. लिव्हर डोनरचा सीटी झाला की त्याच्या लिव्हरचं माप काढायचं, आमच्या भाषेत व्हॉल्युमेट्री, हे काम आमच्याकडे मी करते आणि मग रॅडिऑलॉजिस्ट मॅडम ते तपासून फायनल करतात. म्हणजे रक्तगट जुळल्यावर पुढे काय होतं ते मी रोज बघते. आणि हेही बघते की डोनर नाकारला गेला की बाहेर व्हरांड्यात बसलेल्या लोकांना तो 'नाकारला गेला' असं वाटतच नाही, त्यांना वाटतं तो घाबरला, नाहीतर त्याच्या मनातच नव्हतं.

आधी नेमकं काय होतं ते सांगते, कारण लोकांना खरंच माहीत नसतं.

रक्तगट बसला, रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या की डोनरला आमच्याकडे पाठवतात. हाताला हिरवी सुई लावतो, त्यातून कॉन्ट्रास्टचं, म्हणजे सीटीत रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध प्रेशरनं आत जातं, एकदम अंगभर गरम वाटतं, लघवी झाली की काय असं वाटतं, ते आम्ही आधीच सांगून ठेवतो नाहीतर माणूस घाबरतो. मग श्वास घ्या, रोखा, सोडा. औषध आधी धमन्यांत दिसतं, मग साधारण मिनिटाभरानं पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेत, आणि लिव्हरच्या शिरांमध्ये. मापासाठी हाच टप्पा लागतो कारण त्यात लिव्हर आणि त्याच्या आतल्या शिरा स्वच्छ वेगळ्या दिसतात. हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत उरकतं, खरं काम त्यानंतर कॉम्प्युटरवर सुरू होतं.

काकडीच्या चकत्या करतो ना, तसं सीटी पोटाच्या चकत्या करून दाखवतं. प्रत्येक चकतीवर लिव्हरची कड माऊसनं गिरवायची, मध्ये पित्ताशय आलं तर ते वगळायचं, मागून जाणारी मोठी शीर वगळायची. चकतीचं क्षेत्रफळ गुणिले जाडी, अशा सगळ्या चकत्यांची बेरीज केली की लिव्हर किती मिलिलिटरचं आहे ते येतं. कल्पना जुनीच आहे, 1979 मध्येच सीटीवरून अवयवांचं माप घेऊन ते प्रत्यक्ष मापाशी पडताळून बघितलं होतं आणि फरक पाच टक्क्यांच्या आसपासच आला होता. आता सॉफ्टवेअर बरंचसं आपोआप करून देतं, पूर्वी तासभर लागायचा तिथे काही मिनिटं लागतात, पण तपासावं लागतंच. बारीक अंगाच्या बायकांमध्ये कधी कधी लिव्हरचं डावं टोक लांब होऊन थेट डाव्या बाजूच्या प्लीहेला (स्प्लीनला) जाऊन टेकलेलं असतं, तिथे मशीनला कळत नाही लिव्हर कुठे संपलं आणि प्लीहा कुठे सुरू झाली. तिथे मी एकेक चकती पुढेमागे करत बसते, कारण तिथे चुकले तर ती चूक कुणाच्या तरी पोटात जाते.

मग कापायची रेष. लिव्हरच्या मधून एक मोठी शीर जाते, तिच्या अंदाजानं स्क्रीनवरच लिव्हरचे दोन भाग करायचे. उजवा भाग मोठा, साधारण 60 ते 65 टक्के, डावा छोटा. पण हे सरासरीचं झालं, प्रत्येकाचं वेगळं असतं, उजवा भाग 70 टक्क्यांच्या वर असलेली लिव्हरं मी बघितलीत. आणि मग दोन प्रश्न असतात. पेशंटला जाणारा तुकडा त्याला पुरेल का आणि डोनरकडे उरेल ते डोनरला पुरेल का. पहिल्यासाठी तुकड्याचं वजन पेशंटच्या वजनाच्या निदान 0.8 टक्के असावं असं बहुतेक ठिकाणी धरतात, म्हणजे 70 किलोच्या माणसाला 560 ग्रॅम. दुसऱ्यासाठी डोनरकडे त्याच्या स्वतःच्या लिव्हरचा किमान 30 टक्के भाग राहायला हवा, बरेच सर्जन 35 च्या खाली जायलाच तयार नसतात. एक आकडा वर ओढायला गेलं की दुसरा खाली येतो.

लोक म्हणतात लिव्हर परत वाढतं ना, मग थोडं कमी दिलं तर काय बिघडलं? वाढतं हे खरंय, दोन-तीन महिन्यांत बरंचसं भरून येतं. पण पहिले दोन आठवडे काढायचे कसे? सिरॉसिसच्या, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत गेलेल्या पेशंटमध्ये पोर्टल व्हेनमध्ये रक्ताचा दाब खूप वाढलेला असतो, खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर भिडे पूल कसा पाण्याखाली जातो ते पुण्यातल्या माणसाला सांगायला नको, छोट्या तुकड्यावर तसाच लोंढा येतो. मग कावीळ उतरत नाही, पोटात पाणी भरत राहतं, इन्फेक्शन होतं. अनुभवी सर्जन प्लीहेची धमनी बांधून किंवा दुसऱ्या मार्गानं तो लोंढा कमी करतात आणि 0.8 च्या खालीही जातात, पण ते पेशंटची तब्येत, डोनरचं वय असं सगळं बघून.

आता ज्या केसमुळे मी हे लिहितेय ती सांगते. ओळख पटू नये म्हणून गाव वगैरे सांगत नाही.

नवऱ्याला सिरॉसिस, वजन 79 किलो. बायको डोनर म्हणून आली, वय पस्तिशीच्या आतबाहेर, वजन 46 किलो. सीटीच्या टेबलवर झोपल्यावर मला म्हणाली, ताई, सगळं घेतलं तरी चालेल पण ह्यांना बसू दे. मी तिचं ट्रेसिंग केलं. पूर्ण लिव्हर 940 मिली. उजवा भाग 592, म्हणजे 63 टक्के, तिच्याकडे 37 टक्के उरत होतं, म्हणजे तिच्या बाजूनं ठीक. पण एक मिली म्हणजे साधारण एक ग्रॅम धरलं, तर 592 ग्रॅम हे 79 किलोच्या 0.75 टक्केच येतं. सर्जन सर म्हणाले त्याच्या वजनात पोटातलं पाणी किती ते बघा. हे फार महत्त्वाचंय, जलोदराचा पेशंट काट्यावर उभा केला तर काटा पाण्याचंही वजन दाखवतो. पाणी काढून धरलेलं वजन 71 आलं. मग 0.83. मी खुर्चीत सरळ होऊन बसले, खरं सांगते, मला वाटलं बसतंय.

पण मग मॅडमनी माझी वही मागितली. माझ्याकडे एक निळी वही आहे, त्यात मी प्रत्येक डोनरचा सीटीवरचा आकडा लिहिते आणि ऑपरेशनच्या दिवशी ओटीतून सिस्टर फोन करून काट्यावरचं खरं वजन सांगते ते शेजारी लिहिते. जिवंत माणसाच्या लिव्हरमध्ये रक्त भरलेलं असतं, ते सीटीत मोजलं जातं, पण तुकडा बाहेर काढून थंड औषधानं धुतला की ते रक्त निघून जातं, शिवाय सर्जनची रेष माझ्या रेषेपेक्षा थोडी इकडेतिकडे होते. त्यामुळे काट्यावर वजन बहुतेक वेळा सीटीपेक्षा कमीच भरतं, माझ्या वहीत तरी साधारण दहा टक्क्यांनी. 592 मधून दहा टक्के काढले की 533. भागिले 71, परत 0.75. त्यात तिच्या उजव्या भागातल्या दोन शिरा मधल्या मोठ्या शिरेत जात होत्या, मधली शीर तर डोनरकडे ठेवायची होती, म्हणजे त्या दोन शिरा नीट जोडल्या गेल्या नाहीत तर तेवढ्या भागातलं रक्त तुंबणार आणि तो भाग असून नसल्यासारखा. नवऱ्याची तब्येत फार खालावलेली होती. मीटिंगमध्ये नाही ठरलं.

आणि मग व्हरांडा. मी जेवायला निघाले होते तेव्हा सासूबाई कुणाला तरी फोनवर सांगत होत्या, हिला एवढंसुद्धा जमलं नाही, डॉक्टर म्हणतात हिचं लिव्हर कमी पडतंय, आयुष्यभर खाऊन पिऊन काय केलं हिनं. ती बाई बाजूच्याच बाकावर बसलेली, पदर तोंडाला लावून. तिला कुणी नीट बसवून सांगितलेलंच नव्हतं. 'डोनर अनफिट' एवढाच शब्द तिच्यापर्यंत पोचला होता.

हे माझं काम नाही, मला अधिकारही नाही, पण मी मॅडमना विचारलं आणि त्यांनी स्वतः तिला आत बोलावलं. वर्कस्टेशनवर तिचं लिव्हर दाखवलं, उजवा भाग हिरवा, डावा निळा. मॅडमनी तिला सांगितलं की तुझं लिव्हर एकदम निरोगी आहे, तुझ्या अंगाला जेवढं हवं तेवढंच आहे, माणसाच्या वजनाच्या दोन टक्के लिव्हर असतं आणि तुझं तेवढं बरोबर आहे, नवरा अंगानं मोठा आहे एवढंच. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, हे आईंना दाखवता येईल का? दाखवलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण बाहेर जाताना त्यांनी तिची पिशवी उचलली.

पुढे दीर आला. वजन 84, लिव्हर 1620 मिली, उजवा भाग 66 टक्के, मापात काही प्रश्नच नाही. सगळे खुश. पण कॉन्ट्रास्ट द्यायच्या आधीच्या साध्या सीटीत लिव्हर प्लीहेपेक्षा उजळ दिसायला हवं, त्याचं उलटं, प्लीहेपेक्षा आठ युनिटनं काळपट. म्हणजे चरबी. चरबी असलेलं लिव्हर आकारानं मोठं दिसतं पण तेवढं काम करत नाही, पेशंटकडेही नाही आणि डोनरकडे उरलेलंही नाही. त्याला डाएट आणि चालणं लावून दिलं, पेशंटची तब्येत तेवढा वेळ काढू शकेल असं डॉक्टरांना वाटलं म्हणून, नाहीतर तेही शक्य नव्हतं. अडीच महिन्यांनी नऊ किलो कमी करून आला आणि लिव्हरसुद्धा 1410 वर आलं होतं, चरबी गेली तसं लिव्हरही आटलं. उजवा भाग 931. ओटीतून फोन आला तेव्हा काट्यावर 845 भरलं होतं. वहीत लिहिलंय मी. ते दोघं आता घरी आहेत.

तुमच्या बातमीसारखी बातमी या केसची झाली असती तर त्यात दिरानं लिव्हर दिलं एवढंच आलं असतं आणि बायकोनं 'माघार घेतली' असं आलं असतं.

हे मी बायकांच्या बाजूनं मुद्दाम बोलतेय असं कुणाला वाटेल, तर हो, थोडं मुद्दाम बोलतेय. आपल्याकडे जिवंत डोनरमध्ये बायकाच जास्त असतात, आई, बायको, बहीण. आणि सरासरी बाई अंगानं छोटी, तिचं लिव्हर छोटं, आणि पेशंटमध्ये पुरुष जास्त. म्हणजे माप कमी पडण्याचा प्रसंग जास्त करून बायकांवरच येणार. त्यात तिच्या मनावर केवढं ओझं असतं ते टेबलवर झोपलेली असताना तिचे ठोके बघूनच कळतं.

काही जण विचारतात की उंची-वजनावरून आधीच अंदाज नाही का बांधता येत, कशाला सीटी, कशाला रेडिएशन. सूत्रं आहेत. जपानमधल्या डॉक्टरांनी 1995 मध्ये शरीराच्या पृष्ठभागावरून लिव्हरचं माप काढायचं सूत्र दिलं, 706.2 गुणिले पृष्ठभाग अधिक 2.4. पुढे 2002 मध्ये पाश्चात्त्य लोकांसाठी वेगळं आलं, 1267.28 गुणिले पृष्ठभाग वजा 794.41. आता 1.9 चौरस मीटर पृष्ठभाग असलेला धिप्पाड माणूस घ्या, पहिल्या सूत्रानं 1344 मिली येतं आणि दुसऱ्यानं 1613. जवळजवळ पावणेतीनशे मिलीचा फरक, छोट्या बाळाला लागणारा तुकडा साधारण एवढाच असतो. आपला माणूस यातल्या कुठल्या सूत्रात बसतो? म्हणून प्रत्येकाचं प्रत्यक्ष मोजायचं. आणि सूत्र तर उजवं-डावं किती ते सांगतच नाही.

थोडा इतिहास सांगते कारण त्यावरून मापाची गरज का पडली ते कळतं. जिवंत माणसाच्या लिव्हरचा तुकडा बसवायचा पहिला प्रयत्न 1988 मध्ये ब्राझीलमध्ये साओ पाउलोला राया यांनी केला, आणि पहिलं यशस्वी ऑपरेशन 1989 मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला रसेल स्ट्राँग यांनी केलं, आई डोनर आणि पेशंट तिचं लहान मूल. लहान मुलाला डाव्या बाजूचा छोटा तुकडा पुरतो, आईकडे भरपूर उरतं. आपल्याकडे 1998 मध्ये दिल्लीत पहिलं यशस्वी झालं तेही लहान मुलाचंच, वडिलांनी दिलेलं. खरी अडचण मोठ्या माणसांची. 1993 मध्ये जपानमध्ये माकुउची यांनी मोठ्या माणसाला डावा भाग बसवला, पण तो बऱ्याच जणांना अपुरा पडायचा, म्हणून 1996 मध्ये हाँगकाँगला फान यांच्या टीमनं मोठ्या माणसासाठी उजवा भाग घेतला. पेशंटचं भागलं पण डोनरचा धोका वाढला, आणि तेव्हापासून हे मिलिलिटरचं गणित जीवनमरणाचं झालं. उजवा भाग देणाऱ्या डोनरच्या मृत्यूचं प्रमाण साधारण दोनशेत एकापर्यंत सांगतात. तो आकडा छोटा वाटतो, पण तो धडधाकट माणसाचा आहे, स्वतःला काहीच आजार नसताना टेबलवर झोपलेल्या माणसाचा.

म्हणून सर्जन जेव्हा 29 टक्के उरतंय म्हणून नाही म्हणतात तेव्हा नातेवाइकांनी त्यांच्याशी भांडू नये. एक टक्क्यानं काय होतंय डॉक्टर, असं म्हणणारे भाऊ मी ऐकलेत. ज्याचं पोट उघडणार त्याला बाजूला बसवून त्याच्या एक टक्क्याची घासाघीस चाललेली असते.

माझं मागणं फार मोठं नाही. हॉस्पिटलांनी डोनरला व्हॉल्युमेट्रीचा निकाल मराठीत, एका पानावर, एकट्याला बसवून समजावून द्यावा. पूर्ण लिव्हर किती, जाणार किती, उरणार किती, नाही म्हटलं तर नेमकं कशामुळे. आणि ते घरच्यांना सांगायचं का हे त्याला किंवा तिला विचारून ठरवावं. आपल्या गावाकडून आलेल्या माणसाला इंग्रजीतला रिपोर्ट हातात देऊन काय उपयोग, त्यातला 'अनसुटेबल' शब्द तो कुणाकडून तरी वाचून घेतो आणि 'नालायक' म्हणून घरी घेऊन जातो. डोनरला ऑपरेशन टेबलवर जाईपर्यंत नाही म्हणायचा हक्क आहे हेही त्याच वेळी सांगावं, मापात बसला म्हणजे त्यानं द्यायलाच पाहिजे असं नाही.

आणि तुमच्याकडे मागणं असं की अवयवदानाची बातमी करताना वार्ताहरांना सांगा, नुसतं रक्तगट जुळला लिहू नका. किती जणांची तपासणी झाली, त्यातले किती मापात किंवा चरबीमुळे किंवा शिरांच्या, पित्तनलिकेच्या रचनेमुळे बसले नाहीत, हे विचारा. ज्यांनी सुई टोचून घेतली, ऑफिसातून रजा काढली, जलोदरानं फुगलेल्या माणसाजवळ रात्र रात्र बसून मी देते म्हणाले, त्यांचा पण उल्लेख करा. त्या रविवारच्या बातमीतल्या त्या दोघांना जमलं तर एक फोन करा आणि सीटीपर्यंत गेले होते का तेवढं विचारा. गेले असतील आणि त्यांची हरकत नसेल, तर रिपोर्टमध्ये काय आलं होतं ते त्याच पानावर छापा, दोन ओळी पुरे.

माझं नाव छापू नये ही विनंती, नाहीतर पेशंटचे नातेवाईक ओळखतील.

कळावे,
एक सीटी टेक्निशियन, पुणे